चेनसॉची चेन कोरडी, तेलाची टाकी फुल: पंप पुन्हा बदलायच्या आधी हे बघ

पत्र: काका, लांजा तालुक्यातून लिहितोय. आमची आंबा-काजूची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी ५८ सीसीची, २२ इंची बारची (चेन ज्या लांब पट्टीवर फिरते ती) झाडं कापायची चायना चेनसॉ घेतली. पहिलं वर्ष मस्त चालली. आता चेनला तेलच येत नाही. दहा मिनिटं कापलं की धूर येतो, चेन सैल पडते, बार हात लावता येणार नाही इतका तापतो. पेट्रोल संपतं पण तेलाची टाकी आहे तशीच. गावातल्या मेकॅनिकने पंप गेला म्हणून नवीन टाकला, फरक शून्य. आता तो म्हणतो हापण पंप डुप्लिकेट निघाला, दुसरा मागवू. तेल म्हणून बाईकच्या सर्व्हिसिंगचं काढलेलं ऑईल गाळून वापरतो, इथे सगळे तेच वापरतात. सध्या मी कापतो आणि बाबा बाजूला उभे राहून डब्याने चेनवर तेल सोडतात. मशीन विकून टाकू का?

उत्तर: विकू नकोस, पण आधी बाबांना तिथून बाजूला कर. पत्रातलं बाकी सगळं मी शांतपणे वाचलं आणि त्या वाक्याला थांबलो. अरे फुल थ्रॉटलला चेन सेकंदाला २० मीटरच्या आसपास पळते, त्यावर डबा धरून उभं राहायचं म्हणजे माणूस किती जवळ आला विचार कर, आणि तुझी चेन तर सैल पडतेय म्हणतोस, तापलेली सैल चेन बारवरून उतरली किंवा तुटली तर कुठे जाईल ते कोणी सांगू शकत नाही. शिवाय वरून ओतलेलं तेल बारच्या खाचेत जातच नाही, फेकलं जातं, त्यातलं निम्मं बाबांच्या लेंग्यावर जात असणार. तेव्हा तेल सुरू होईपर्यंत मशीन बंद. दोन दिवस कोयता चालव, काही बिघडत नाही.

आता मशीनकडे येऊ. मी दापोलीकडचा, ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्याकडे माड-पोफळीच्या बागा अक्षरशः आडव्या झाल्या, त्यानंतर गावोगाव ह्या ५८ सीसीच्या मशिनी आल्या आणि माझ्याकडे रिपेअरला येऊ लागल्या. चेनला तेल येत नाही ही तक्रार घेऊन जेवढ्या आल्या त्यातल्या बहुतेकांचा पंप ठणठणीत होता. पंप बिचारा आत अंधारात बसलेला असतो, दिसत नाही, म्हणून सगळा दोष त्याच्यावर. तेल टाकीतून निघून बारच्या टोकापर्यंत पोचतं त्या वाटेत सात-आठ ठिकाणं आहेत जिथे ते अडू शकतं, आणि पंप त्यातलं फक्त एक.

पण पहिल्यांदा तेल खरंच येत नाही का ते नीट तपासून घे. टाकी भरलेली राहते म्हणजे येत नसणारच, तुझं निरीक्षण बरोबर आहे. ह्या मशीनला पेट्रोलची टाकी साधारण ५५० मिली आणि तेलाची २६० मिली असते, आणि हिशोब असा ठेवलेला असतो की पेट्रोल संपेपर्यंत तेल जवळजवळ संपायला आलेलं पाहिजे. तरीपण पेपरची टेस्ट कर, कारण दुरुस्तीनंतर परत तीच करायचीय. जुना पेपर किंवा पांढरा पुठ्ठा जमिनीवर पसर, वाऱ्याने उडू नये म्हणून कडेला दगड ठेव, मशीन सुरू करून बारचं टोक त्याच्यापासून वीतभर वर धर, जमिनीला टेकवायचं नाही, आणि अर्ध्याच्या वर थ्रॉटल देऊन मिनिटभर चालव. तेल येत असेल तर पेपरवर तेलाच्या शिंतोड्यांची बारीक रेघ उमटते. बऱ्याच जणांची चूक काय होते, तर ही टेस्ट आयडलला करतात, मशीन नुसती गुरगुरत असते, चेन उभी असते, आणि मग म्हणतात तेल येत नाही. अरे बऱ्याच मशिनींत क्लचचा ड्रम, म्हणजे चेनला फिरवणारी ती वाटी, फिरला तरच पंप फिरतो, चेन उभी म्हणजे पंपपण उभा.

रेघ आली नाही तर मशीन बंद, प्लगची कॅप काढून ठेव, हातात जाड हातमोजे, आणि साईडचं कव्हर काढ. चेन आणि बार उतरव. आता तू जे बघशील ते मी इथे बसून सांगतो: कव्हरच्या आत, बारच्या बुडाशी, सगळीकडे काळा लगदा थापलेला असेल, घाण्यातून निघालेल्या पेंडीसारखा. भुसा अधिक तेल. हा ओला असताना मऊ असतो, पण मशीन महिनाभर पडून राहिली की वाळून असा घट्ट होतो की स्क्रू ड्रायव्हरने खरवडावा लागतो. माडाचं खोड कापलं असशील तर त्यात लांब तंतूपण गुंडाळलेले सापडतील, काजूचं ओलं लाकूड कापलं असशील तर डिंकाने अजून चिकटलेलं. हे सगळं आधी काढ. दात घासायचा जुना ब्रश आणि थोडं डिझेल, बास.

आता बार हातात घे आणि उजेडात धर. मागच्या बाजूला, जिथे तो मशीनच्या स्टडवर, म्हणजे बाहेर आलेल्या बोल्टवर, बसतो, तिथे कडेजवळ एक बारीक भोक दिसेल. वरच्या कडेला एक आणि खालच्या कडेला एक, कारण बार उलटापालटा करून वापरायचा असतो. तेल ह्या भोकातून आत शिरतं आणि बारच्या खाचेत येतं. माझ्याकडे आलेल्या दहातल्या पाच-सहा मशिनींचं दुखणं इथेच सापडलंय. भोक दिसतं, पण त्यात सुई घातली तर आत जात नाही. बाईकच्या क्लच केबलची एक सुटी तार घे, किंवा बारीक ड्रिल बिट हातानेच फिरव, मशीनला लावून नको, भोक मोठं करायचं नाहीये. मग खाच. बारच्या पूर्ण कडेने जी खाच आहे ती तळापर्यंत साफ व्हायला हवी. हॅकसॉ ब्लेडचा जुना तुकडा त्यात घालून मागून पुढे ओढत ने, आतला लगदा शेवयांसारखा बाहेर येत राहतो, बघायला घाण पण समाधान वाटतं. शेवटी पंक्चरवाल्याकडे नेऊन हवा मार, भोकात हवा मारली की ती खाचेतून बाहेर आली पाहिजे.

बार साफ करतोयसच तर त्याच्या कडांवरून नख फिरवून बघ. कोरड्या चेनने कडांना धार आली असेल, बाहेरच्या बाजूला पत्रा दुमडल्यासारखा झाला असेल, ती धार सपाट कानशीने घासून टाक. आणि कुठे निळसर डाग दिसला तर तिथे बार भाजलाय असं समज, तो भाग आता नरम, लवकर झिजणार. अख्खी कड निळी असेल तर नवीन बार घ्यावा लागेल, आणि नवा बार घेताना चेनच्या गेजशी, म्हणजे खाचेत बसणाऱ्या तिच्या दातांच्या जाडीशी, जुळवून घे. ह्या मशीनला बहुतेक वेळा ०.३२५ पिचची (पिच म्हणजे कड्यांमधल्या अंतराचं माप), ०.०५८ इंच म्हणजे दीड मिलिमीटर गेजची चेन येते. दुकानदार जे हाताला लागेल ते देतो, खाच रुंद आणि चेन पातळ अशी जोडी जमली की चेन हलते, तेल बाजूने गळून जातं आणि टोकापर्यंत पोचत नाही.

आता बार न लावता मशीनच्या अंगाकडे बघ. बारच्या मागे जिथे तो टेकतो तिथे अंगालाच एक भोक किंवा छोटी फट असते, पंपाने ढकललेलं तेल तिथून बाहेर पडतं. ते पुसून साफ कर. बार नसताना तेल येतं का बघायला इथे मशीन चालू करायला सांगणारे लोक आहेत, काही मशिनींत ते चालतं, पण सगळं उघडं असताना क्लच गरागरा फिरत असतो, बोट, सदऱ्याची बाही, काहीपण जाऊ शकतं. करायचंच असेल तर मशीन जमिनीवर पायाखाली घट्ट दाबून, हात लांब, आणि बघायला टॉर्च, पाच-सात सेकंद थ्रॉटल आणि बंद. तेल तिथे झिरपताना दिसलं तर विषय संपला, पंप चांगला आहे, बारच तुंबला होता, मेकॅनिकला चहा पाज आणि दुसरा पंप मागवू नको म्हणून सांग.

तिथेपण कोरडं असेल तर उलट्या दिशेने टाकीकडे ये. सगळ्यात सोपं आधी: झाकण. टाकीतून तेल बाहेर जायचं तर तेवढी हवा आत यावी लागते, त्यासाठी एक बारीक व्हेंट असतो, काही मशीनला झाकणात, काहींना टाकीच्या अंगाला. तो बुजला की थोडं तेल जातं आणि मग आत ओढ तयार होऊन बंद पडतं. सुरुवातीला पाच मिनिटं येतं आणि नंतर थांबतं अशी लक्षणं असतील तर शंभरातल्या नव्वद वेळा हेच. तपासायला झाकण अर्धा आटा सैल करून पेपरची टेस्ट परत कर, रेघ आली तर व्हेंट साफ करायचा.

मग टाकीच्या आतला फिल्टर. सगळं तेल ओतून काढ आणि खाली काय उरलं ते बघ, मला खात्री आहे तळाला काळा गाळ असणार. तारेला आकडा करून, त्याचं टोक घासून बोथट कर नाहीतर नळी फाटेल, झाकणातून आत घाल आणि रबरी नळी हळूच बाहेर ओढ, तिच्या टोकाला तो छोटा फिल्टर असतो. विहिरीत पडलेली कळशी गळाने काढतात ना, तसलाच प्रकार, पहिल्या झटक्यात सापडत नाही. फिल्टर काळा ठिक्कर असेल तर धुण्यात वेळ घालवू नको, नवीन टाक, चहा-भजीच्या पैशात येतो. नळी बोटांनी दाबून वाकवून बघ, कुठे चीर असेल तर पंप तेलाऐवजी हवा ओढतो, आणि तेलाची पातळी त्या चिरेच्या खाली गेली की संपलं. नळी पंपाच्या बाजूने निसटलेली असते कधीकधी, विशेषतः आत्ताच कोणीतरी पंप बदललेला असेल तेव्हा.

आणि आता तुझ्या मेकॅनिकने टाकलेल्या नव्या पंपाबद्दल. मला तो पंप डुप्लिकेट असण्यापेक्षा दुसरीच शंका जास्त येते. पंप स्वतःहून फिरत नाही, त्याला एक छोटा वर्म गिअर फिरवतो, जो क्रँकवर, म्हणजे इंजिनच्या फिरणाऱ्या दांड्यावर, क्लचच्या मागे बसलेला असतो. ह्या गिअरला काही मशिनींत तारेचा एक हात असतो, काहींत दोन कान असतात, आणि ते क्लच ड्रमच्या कडेला असलेल्या खाचेत बसावे लागतात. परत जोडताना ड्रम नुसता वरून दाबून बसवला आणि हात खाचेत गेलाच नाही, तर ड्रम फिरतो, चेन फिरते, मशीन झकास कापते आणि गिअर मात्र जागच्या जागी उभा. बाहेरून काही कळत नाही. पंप नवाकोरा, पण त्याला फिरवणारं कोणी नाही. मी स्वतः पहिल्या वर्षी एका गिऱ्हाइकाची मशीन पंप बदलून अशीच जोडून परत दिली होती, ते दुसऱ्या दिवशी आले, मी अजून एक नवा पंप टाकून दिला, ते परत आले. तिसऱ्यांदा उघडली तेव्हा तारेचा तो हात ड्रमखाली दबून आडवा झालेला दिसला आणि मला धरणीमाता पोटात घेईल तर बरं असं झालं. पैसे परत दिले, दोन्ही पंपांचे.

हे बघायला क्लच काढावा लागतो, आणि इथे लक्ष दे, क्लचचा आटा उलटा असतो. आपण नेहमी सोडवायला फिरवतो त्याच्या विरुद्ध, म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवलं की सुटतो. बहुतेकांच्या क्लचवर बाण कोरलेला असतो, तो बघ. पिस्टन अडवायला प्लग काढून त्या भोकातून सुती दोरी आत सोड, निम्मी बाहेर ठेव, म्हणजे क्रँक अडतो आणि कशाला इजा होत नाही. लोक स्क्रू ड्रायव्हर घालतात आणि पिस्टनला भोक पाडून बसतात. जमत नसेल तर मेकॅनिककडेच ने, पण समोर उभा राहा आणि तो गिअर दाखव म्हणून सांग. गिअर प्लास्टिकचा असेल तर त्याचे दात बघ, वितळून गुळगुळीत झालेत का. असे झाले असतील तर कोणीतरी चेन ब्रेक लावलेला असताना थ्रॉटल दिलाय, क्लच घासून लालबुंद तापला आणि शेजारचा गिअर वितळला. त्या केसमध्ये गिअर बदल, आणि ब्रेक सोडून मगच थ्रॉटल द्यायचा हे घरातल्या सगळ्यांना सांग.

तेलाचं प्रमाण कमी-जास्त करायचा एक स्क्रू मशीनच्या खालच्या बाजूला असू शकतो, तुझ्यात असेल तर कोणीतरी तो मिनिममला फिरवलेला नाही ना बघ. कुठल्या दिशेला वाढतं ते शेजारी खूण असते, नसेल तर पेपरवर टेस्ट करून ठरव.

बरं, जळक्या ऑईलचं. इथे सगळे तेच वापरतात हे मला मान्य, मीपण वापरलंय. निसर्गच्या नंतर पंधरा दिवस दुकानं बंद, वीज नाही, रस्त्यावर झाडं पडलेली, तेव्हा घरात जे काळं ऑईल होतं ते गाळून घातलं आणि काम निभावलं. पण गाळणीत कचरा अडतो, लोखंडाची पीठ झालेली पूड अडत नाही, ती त्या तेलात तशीच असते आणि तीच फिल्टरमध्ये, पंपात, त्या सुईएवढ्या भोकात जाऊन बसते. वर ते पातळ असतं, चेनवर टिकत नाही, वळणावर उडून जातं, आणि उडालेलं तुझ्या तोंडावर, हातावर, बागेच्या मातीत. वापरलेलं इंजिन ऑईल कातडीला वर्षानुवर्षं लागणं चांगलं नाही, कॅन्सरच्या धोक्याशी त्याचा संबंध आहे. चेन ऑईल वेगळंच असतं, त्यात चिकटपणा मुद्दाम घातलेला असतो. दोन बोटांत घेऊन ओढलं की एकतारी पाकासारखी तार सुटली पाहिजे. ते मिळालं नाही तर सीलबंद डब्यातलं नवं २०डब्ल्यू४० इंजिन ऑईल वापर, ते तितकं चिकट नाही पण स्वच्छ तरी आहे. आणि ते लाल-निळं टू-टी ऑईल पेट्रोलमध्ये मिसळायचं असतं, चेनच्या टाकीत नाही.

घरचं तेल घालू का असंपण काही जण विचारतात. खोबरेल तेल २४ अंशाच्या खाली गोठतं, डिसेंबरात सकाळी बाटलीत थिजलेलं दिसतं तसंच ते पंपात थिजणार. गोडं तेल त्या दिवशी काम करतं पण मशीन तशीच ठेवली की महिन्या दोन महिन्यांत लाखेसारखा थर बसतो आणि मग तो काढणं म्हणजे कढईला चिकटलेलं तेल घासण्यासारखं, फक्त इथे घासायला हात जात नाही. वापरलंसच तर संध्याकाळी टाकी रिकामी करून थोडं साधं चेन ऑईल फिरवून ठेव.

अजून एक शक्यता, तुझ्या पत्रात धूर लिहिलायस म्हणून. बोथट चेन किंवा उलटी लावलेली चेनपण धूर काढते, तेल व्यवस्थित असतानासुद्धा. पडलेल्या झाडाच्या खोडाला माती लागलेली असते, त्यातून एकदा चेन गेली की धार गेली. खाली पडणारा भुसा बघ, तांदळाच्या कण्यांसारखे टपोरे तुकडे पडत असतील तर धार आहे, पिठासारखा उडत असेल तर आधी कानस काढ. पेपरवर रेघ येतेय तरी धूर आहे, म्हणजे दोष तेलाचा नाही. तुझ्या केसमध्ये मला वाटतं दोन्ही आहे, कारण इतके दिवस कोरडी चालवलेली चेन धारदार राहिलीय हे मी मानायला तयार नाही. ही चेन आता फेकच. नवी घेतलीस की लावायच्या आधी रात्रभर चेन ऑईलमध्ये बुडवून ठेव, सकाळी निथळून लाव, पहिले पाच मिनिटं हलकं काम दे आणि थंड झाल्यावर परत ताण.

सगळं करून झालं, तेल सुरू झालं आणि आठवड्याने मशीनखाली थेंब थेंब तेल दिसलं म्हणून परत पत्र लिहू नको. उभी मशीन थोडं तेल सोडतेच, बारमधलं उरलेलं खाली उतरतं. खाली पुठ्ठा ठेव. टाकी रात्रीत अर्धी रिकामी झाली तर मात्र झाकणाची रिंग किंवा नळी बघायला लागेल.

तुझ्या जागी मी असतो तर आज बार आणि भोक, उद्या फिल्टर आणि व्हेंट, आणि तरी नाही झालं तर बाजाराच्या दिवशी मेकॅनिककडे जाऊन तो क्लच उघडायला लावला असता. पेपरची टेस्ट झाली की त्या पेपरचा फोटो पाठव. रेघ नाही आली तर क्लच उघडल्यावर त्या गिअरच्या हाताचा फोटो पाठव, जवळून आणि उजेडात, मागच्या वेळी एकाने पाठवला त्यात फक्त त्याचा अंगठा दिसत होता.